बारा बल्बांची फळी

माझ्या मामाला राग यायला कारण लागत नाही असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. त्याला कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा लोखंडाचं असतं. अर्धवट आवळलेला बोल्ट, वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ वेल्डिंग, वापरून भलतीकडेच टाकलेला पाना. माणसांवर तो चिडतो ते या वस्तूंच्या मार्फत. मामी म्हणते की आमच्या लग्नात यानं सगळ्यात आधी माझ्याकडे नाही, मांडवाच्या खांबाच्या जोडाकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

वर्कशॉपमध्ये पाठीमागे त्याला भडका म्हणतात आणि समोर मिस्त्री. एकतीस वर्षं त्यानं तिथे एकच काम केलं. इंजिनातून निघणारा धूर गाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेणारा पाइप आणि त्यातला सायलेन्सर बनवायचा, बसवायचा, फुटला की दुरुस्त करायचा. आमच्या कंपनीच्या फ्रीजवाल्या व्हॅन आहेत. त्या लहान लहान दवाखान्यांना गार ठेवायची औषधं पोचवतात. प्रत्येक व्हॅनच्या पोटाखाली मामाचा हात फिरलेला आहे.

त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, एकावर एक, जुने पांढरे आणि नवे तांबूस. डावा कान जवळजवळ गेलाय. उजवा इतका तिखट आहे की सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि कान लावायचा, एवढंच तो करतो. कुठे सुईएवढं भोक असलं तरी बरोबर त्या जागी खडूची फुली मारतो. यंत्र आणून तपासलं तर यंत्र मागाहून तेच सांगतं. मग तो यंत्रावर चिडतो, उशीर केला म्हणून.

पण त्याचा सगळ्यात जुना राग होता उष्णतेवर. मी शाळेत असताना तो मला सांगायचा, "टाकीत तीन लिटर ओतले ना, तर त्यातला एक लिटर मी डोळ्यांदेखत मागच्या पाइपातून जाताना बघतो. जळतो, मला चटके देतो आणि हवेत जातो. कुणाच्या बापाचं काय जातंय." तेव्हा मला वाटायचं की हा अंदाजपंचे बोलतोय. पुढे इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुस्तकात तोच हिशेब आला, साधारण एक तृतीयांश. मी पान उघडं ठेवून त्याला फोन केला. तो म्हणाला, "छापायला एवढी वर्षं लागली होय?"

त्यानं एकदा चाचणीच्या इंजिनाच्या पाइपवर पत्र्याची एक छोटी फळी जोडली होती. दुपारी तिच्यावर सगळ्यांचे डबे गरम व्हायचे. वर्षभर सगळे गरम जेवले. मग आमच्या साहेबांनी ती धोकादायक म्हणून कापायला लावली. या साहेबांना वर्कशॉपात इस्त्री म्हणतात, कारण तेलाच्या डबक्यात उभे राहिले तरी त्यांच्या बाहीची घडी मोडत नाही. मामानं फळी स्वतःच्या हातानं कापली आणि पुढची कित्येक वर्षं दुपारचं जेवण इस्त्रीसाहेबांच्या केबिनच्या दाराकडे तोंड करून, थंड, मोठ्यानं चावत खाल्लं.

मी नोकरीला त्याच कंपनीत लागले. पहिल्याच महिन्यात मी मामाला बिस्किटाएवढी एक पांढरी चकती दाखवली. तिची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की तिच्या दोन तारांमधून वीज निघते. अशा चकत्या धुराच्या पाइपभोवती ओळीनं बसवल्या, वरून पाणी खेळवलं, तर वाया जाणारी उष्णता थोडीतरी विजेत परत मिळते. मामानं चकती चिमटीत धरून उलटसुलट केली.

"म्हणजे इकडे पोळलं पाहिजे आणि तिकडे गार पाहिजे."

"हो."

"गरम तर आयतं आहे. गार कुठून आणणार?"

माझ्या पुस्तकाला या प्रश्नापर्यंत यायला एक अख्खं प्रकरण लागलं होतं.

पुढचे चार महिने मामा खुशीत होता. खुशीत असला की तो शिव्या कमी देतो, एवढाच फरक. त्यानं पाइपचा तो भाग गोल ऐवजी षटकोनी केला, कारण चपट्या चकत्या गोल पाइपवर टेकत नाहीत. प्रत्येक पट्टीवर आरशासारखं पॉलिश केलं. बाहेरून पाण्याचं कवच. धूर तुंबला तर इंजिन गुदमरतं, म्हणून आतल्या पात्यांची दिशा त्यानं सात वेळा बदलली. या सगळ्याला आम्ही पेटी म्हणायचो. पहिली पेटी तयार झाली त्या दिवशी मामीनं मला फोन करून विचारलं होतं, "याला झालंय काय? आज घरी आला आणि दाराची बिजागरी बघून काहीच बोलला नाही."

मग मी ती पेटी मोजली आणि सातशे वीस वॅट असा आकडा लिहिला.

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नळ बंद असताना पाण्याचा दाब सगळ्यात जास्त असतो, पण पाणी येत नाही. नळ पूर्ण उघडला की धार सगळ्यात मोठी असते, पण दाब उरत नाही. आता कुणी बंद नळाचा दाब घेतला, उघड्या नळाची धार घेतली आणि दोघांचा गुणाकार केला, तर जो आकडा येईल तो कुठल्याच नळातून कधीच येणार नाही. मी विजेच्या बाबतीत नेमकं तेच केलं. तारा मोकळ्या ठेवून व्होल्टेज मोजलं, अठ्ठेचाळीस. तारा एकमेकींना जोडून करंट मोजला, पंधरा. गुणाकार केला. खरं म्हणजे अशा पेटीकडून काम करून घ्यायचं तर दोन्ही निम्मे होतात आणि हाती येतो चौथा भाग. एकशे ऐंशी. ही चूक रस्त्यावरच्या माणसाला करता येणार नाही. ती करायला मीटर हातात धरता यावा लागतो.

इस्त्रीसाहेबांनी तो आकडा उचलला आणि दोन दिवसांत मोठ्या फलकावर छापला. व्हॅनमधला फ्रीज अल्टरनेटरवर चालतो, म्हणजे इंजिनानं फिरवलेल्या वीज बनवणाऱ्या यंत्रावर. त्या फ्रीजला पाचशे वॅट लागतात. आमची पेटी सातशे वीस देणार, म्हणजे फ्रीज पेटीवर चालेल. म्हणजे मोठा अल्टरनेटर काढून छोटा बसवता येईल, इंजिनावरचा भार कमी होईल, इंधन वाचेल. पहिल्या आठ व्हॅन ठरल्या आणि त्यांना छोटे अल्टरनेटर आणि मामाच्या पेट्या बसल्या. सोमवारी रस्त्यावर सोडायच्या, पाहुणे बोलवायचे, फीत कापायची.

चूक माझ्या लक्षात आली ती त्या सोमवारच्या जवळजवळ दोन आठवडे आधी, एका मंगळवारी, घरी कपड्यांच्या घड्या घालताना. मी हातातला टॉवेल तसाच ठेवून वही उघडली आणि पाच मिनिटांत खात्री झाली. नंतरचे आठ दिवस मी गप्प बसले. कारणं भरपूर होती. फलक छापून झाला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. मी स्वतःला समजावलं की पेटीत अजून सुधारणा होतीलच. एकशे ऐंशीचे सातशे वीस कशानंच होत नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी समजावलं.

पण मामाचा ठसा बाकी होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका व्हॅनचा सायलेन्सर भर रस्त्यात गळून पडला होता आणि सगळ्यांनी हात झटकले होते. तेव्हा इस्त्रीसाहेबांनी नियम काढला. ज्यानं सांधा जोडला त्यानं आपला स्वतःचा ठसा त्या कवचावर ठोकायचा. ठसा घासायचा नाही, बदलायचा नाही, दुसऱ्यानं मारायचा नाही. गाडी पास करायला येणारा तपासनीस आधी ठसा बघणार. या नियमावर मामा सगळ्यात जास्त भडकला होता. चोरांवर ठेवतात तशी पाळत आहे म्हणाला. मग त्यानं इंजिनाचा एक मोडका व्हॉल्व्ह घेतला, त्याच्या दांडीच्या टोकाला तीन रेघा कोरल्या आणि स्वतःचा ठसा बनवला. चिमणीच्या पायासारखा दिसतो. तेव्हापासून तो स्वतः तपासल्याशिवाय चिमणीचा पाय कशावरही ठोकत नाही.

सायलेन्सर तपासायला ओलं फडकं होतं. पेटी तपासायला काय? मामानं दोन दिवस विचार केला. मग भंगारातून ट्रकच्या हेडलाइटचे चोवीस व्होल्टचे बल्ब गोळा केले, प्रत्येकी साठ वॅटचे. मला विचारलं, "सातशे वीसला साठनं भागून किती?"

मी म्हटलं, बारा.

त्यानं एका लाकडी फळीवर बारा बल्ब ओळीनं बसवले. प्रत्येकाला वेगळं बटण. बुधवारी सकाळी त्या आठांतली नऊ नंबरची व्हॅन रोलरवर चढवली, म्हणजे चाकं फिरतात पण गाडी जागेवरच राहते. पुढे पंखा, मागे पाइप खिडकीबाहेर. नऊ नंबर जी चालवते ती ड्रायव्हरबाई स्टिअरिंगवर बसली. तिला मामानं सांगितलं की मोकळ्या रस्त्यावर चालवतेस तशी चालव, मी हात केल्याशिवाय पाय काढू नकोस. पेटी तापायला पंधरा मिनिटं लागली. मी फळीजवळ उभी होते. काय होणार हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

पहिला बल्ब लागला. मामानं डोळे किलकिले केले. दुसरा लागला. तिसरा लागला, तिघंही पांढरेशुभ्र. मामा माझ्याकडे बघून हसला. मामाचे वरचे दात मी क्वचितच बघितलेत.

चौथं बटण दाबलं आणि चौघंही किंचित उतरले. पाचव्याला पिवळे झाले. मामाचं हसू गेलं पण हात थांबला नाही. सहा, सात, आठ. बारावं बटण दाबलं तेव्हा फळीवर बारा तांबूस तारा होत्या. विझत आलेल्या निखाऱ्यांसारख्या. त्यांच्या उजेडात फळीवरचा धुरळासुद्धा दिसत नव्हता.

मामा म्हणाला, "माझ्याकडूनच कुठेतरी राहिलंय."

आणि तो गाडीखाली गेला.

त्यानं मागच्या तोंडावर ओलं फडकं दाबायला लावलं आणि सगळे सांधे कानानं तपासले. पाण्याचा पाइप काढला, फुंकला, परत लावला. चकत्या आवळणारे चोवीस बोल्ट एकेक करून पान्यानं बघितले. पॉलिश कमी पडलं असेल म्हणाला. पट्टी वाकली असेल म्हणाला. गरम पेटीला कोपर लागून नवा चटका बसला, त्याकडे त्यानं बघितलंही नाही. परत बल्ब लावले. परत तीन. परत खाली. असा एक तास गेला. तो एक तास मी उभी होते आणि हातात मीटर होता.

शेवटी त्यानं गाडीखालूनच विचारलं की पेटी कापून आतलं बघूया का. त्या आवाजात राग नव्हता. तो घाबरलेला होता. एकतीस वर्षांत मी, किंवा कुणीही, मामाला स्वतःच्या सांध्यावर शंका घेताना ऐकलं नव्हतं.

"मामा, बाहेर ये," मी म्हटलं. "पेटी चांगली आहे. आकडा चुकलाय. माझा."

तो सरपटत बाहेर आला. मी नळाचं उदाहरण दिलं, जसं वर दिलं तसंच. त्याला ते निम्म्यातच कळलं. त्यानं एकच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"आठ दिवस झाले."

ड्रायव्हरबाईनं इंजिन बंद केलं. त्यामुळे पुढचं सगळं शेडमधल्या प्रत्येकाला नीट ऐकू आलं.

"तासभर," मामा म्हणाला, "तासभर मी गाडीखाली लोळतोय. माझ्याच हाताला शिव्या घालतोय. आणि तू वर उभी राहून बघतेस?" मग त्याचा आवाज चढला आणि चढतच गेला. चूक केली म्हणून तो ओरडत नव्हता. चुका तोही रोज करतो, कापतो, परत जोडतो, त्यात काय. पण चूक माहीत असताना दुसऱ्याला तिच्याखाली झोपू द्यायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात, ते त्याला ऐकायचं होतं. मी मान खाली घातली तर म्हणाला मान वर कर. मी रडायला लागले तर म्हणाला रडू नकोस, मीटरमध्ये पाणी जाईल. आजही हे वाक्य आठवलं की मला हसू येतं आणि लगेच त्याचा तो गाडीखालचा तास आठवतो.

मधे ड्रायव्हरबाई बोलली. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की गाडी गर्दीत उभी असताना ही पेटी किती देईल. तेव्हा धूर कमी आणि कोमट असतो, मी म्हटलं, चाळीससुद्धा नाही.

"आणि छोटा अल्टरनेटर फ्रीजला पुरणार नाही."

"नाही."

"पुलावर मी दोन-दोन तास अडकते. फ्रीजमधलं औषध तापलं की घंटा वाजते. वाजली की मी काय करू, फुंकर मारू?"

कुणी हसलं नाही. ही औषधं तापली तरी दिसायला तशीच दिसतात. बाटली तीच, रंग तोच, झाकण तेच. नुसता गुण गेलेला असतो. घेणाऱ्याला ते फार उशिरा कळतं.

आम्ही तिघं तशीच इस्त्रीसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मामानं हात पुसले नव्हते, बहुतेक मुद्दाम. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की सातशे वीस ही सैद्धांतिक कमाल आहे. सगळे असंच लिहितात. सोमवारचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग हळूहळू मोठे अल्टरनेटर परत बसवू, कुणाला कळणारही नाही. मला म्हणाले की चाचणीच्या कागदावर सही तुमचीच आहे, विसरू नका. मामाला म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम सांधे जोडायचं. वॅट बघायला आमच्याकडे माणसं आहेत."

"तीच माणसं बघून आलो आत्ता," मामा म्हणाला.

साहेबांनी त्याला शुक्रवारपर्यंत आठही पेट्यांवर ठसे मारायला सांगितलं. नाहीतर दुसरा वेल्डर मारेल. मग त्यांना आपलाच नियम आठवला असावा, कारण ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मामानं मान डोलावली. शुक्रवारपर्यंत ठसे मारतो, म्हणाला. ड्रायव्हरबाईनं त्याच्याकडे असं बघितलं जसं काही त्यानंही पाठ फिरवली.

मलाही तेच वाटलं, मी कबूल करते.

गुरुवारी सकाळी सात वाजता मामानं मला शेडमध्ये बोलावलं. फळी तयार होती, आठही व्हॅन ओळीनं उभ्या होत्या. तो माझ्याशी बोलत नव्हता. म्हणजे फक्त "गाडी", "तापली", "आकडा" एवढंच बोलायचा. एकेक व्हॅन रोलरवर चढवायची, पेटी तापवायची, तीन बल्ब लावायचे आणि त्यांच्यावर प्रत्यक्ष येणारं व्होल्टेज आणि करंट मी मोजायचा, दोन्ही एकाच वेळी, चालू असताना. मी आकडा सांगितला की तो म्हणायचा, परत. मी परत मोजायचे. तिसऱ्यांदा तोच आला तर खडूनं कवचावर लिहायचा. एकशे ऐंशी. एकशे शहात्तर. एकशे त्र्याऐंशी. पाच नंबरची एकशे एकाहत्तर आली तेव्हा त्यानं पेटी उघडली, एक चकती तिरकी बसलेली सापडली, ती सरळ केली, आणि परत मोजायला लावलं. एकशे एक्क्याऐंशी. दोन दिवस आम्ही हेच केलं. ड्रायव्हरबाई तिची पाळी नसतानाही येऊन अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसली.

शुक्रवारी दुपारी मामानं व्हॉल्व्हचा ठसा काढला. पहिल्या पेटीच्या काठावर, जिथे सांधा संपतो तिथे, एका घावात चिमणीचा पाय उमटला. मग त्यानं खिशातून दुसरी पुडी काढली. त्यात चॅसिसवर नंबर ठोकायचे पोलादी ठसे होते. एक. आठ. शून्य. आणि पुढे वॅट. प्रत्येक अक्षराला एक घाव, आणि प्रत्येक घाव आमच्या छताच्या पत्र्यावर वाजत होता. इस्त्रीसाहेब केबिनच्या काचेमागे उभे राहिले. तोपर्यंत तिसरी पेटी झाली होती.

साहेब धावत आले. हे काय चाललंय, विचारलं. मामानं हातोडा न थांबवता उत्तर दिलं, "ठसा मारतोय. तुम्हीच म्हणालात."

"आकडा कुणी सांगितला मारायला?"

"ठशात काय असावं ते नियमात नाही, साहेब. बदलायचा नाही एवढंच आहे."

साहेबांनी तो भाग घासून काढायला सांगितला. शेडमध्ये सहा वेल्डर होते. कुणी जागचं हललं नाही. घासलं तर कवच पातळ होतं आणि पातळ कवच पास होत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, साहेबांनाही. आणि नियमाच्या खाली सही साहेबांची होती. ते माझ्याकडे वळले. मी चाचणीची वही पुढे केली. तिच्यात माझा जुना आकडा मी आडवी रेघ मारून खोडला होता, बाजूला चूक काय झाली ते लिहिलं होतं, आठ नवे आकडे लिहिले होते आणि खाली सही केली होती.   राग आला की मामाला अंगात काय होत असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

शनिवारी तपासनीसबाई आल्या. लांब दांडीचा आरसा आणि बॅटरी घेऊन त्या प्रत्येक गाडीखाली बघत होत्या. नऊ नंबरखाली त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग आरसा बाजूला ठेवून त्यांनी कागदावरचा सातशे वीस वाचला आणि साहेबांना विचारलं की यातला खरा कुठला. साहेब म्हणाले, कागदावरचा. त्यांनी वही मागितली, वाचली. मग मामाला विचारलं.  त्यानं बारा बल्बांची फळी आणून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि ड्रायव्हरबाईला इंजिन चालू करायची खूण केली.

छोट्या अल्टरनेटरवर एकही व्हॅन पास झाली नाही. सोमवारी फीत कापली गेली नाही. मोठे अल्टरनेटर परत बसले आणि आठ व्हॅन दहा दिवस उशिरा रस्त्यावर आल्या. पेट्या त्यांच्या पोटाखाली आहेत. मोकळ्या रस्त्यावर त्या अल्टरनेटरला हातभार लावतात, दिव्यांपुरता, पंख्यापुरता. इंधन वाचतं ते थोडंसं. पण वाचतं, आणि फ्रीज कुठेही बंद पडत नाही. फलक गुंडाळून माळ्यावर टाकलाय.

मामाची बदली भंगारच्या आवारात झाली. सायलेन्सर बनवायचे नाहीत, जुने कापून पत्रा वेगळा करायचा. कारण लेखी दिलं नाही. मला माहितीपुस्तिका तपासायच्या टेबलावर बसवलं. मी रोज स्वल्पविराम बघते आणि रोज चिडते. माझ्या चुकीचं मला मिळालं ते बरोबर आहे. मामाला मिळालं ते मात्र मी कुणाला माफ करणार नाही.

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. आईनं समजूत घालायचा प्रयत्न केला, तर तिलाच ऐकवलं की तुझी मुलगी हुशार आहे, तिला दुभाष्या कशाला. मग एका रविवारी सकाळी मामीचा फोन आला. ती म्हणाली, "तुझा मामा इथेच बसलाय पण त्याला तुझ्याशी बोलायचं नाहीये. तो विचारतो, गार पाण्याच्या पाइपचं तोंड अर्ध्या इंचाचं कुठल्या गाढवानं ठेवलं?"

मी म्हटलं, "मी."

मामीनं त्याला सांगितलं. मागून आवाज आला, "मग तिला म्हणावं ये."

भंगारच्या आवारात एका मोडीत काढलेल्या व्हॅनचं इंजिन चालू होतं. त्याच्या पाइपवर आमची पहिली पेटी बसवली होती, नमुन्याची, जिच्यावर कधीच ठसा पडला नव्हता. पाण्याचं तोंड त्यानं कापून मोठं केलं होतं. फळी भिंतीला टेकवलेली होती आणि पाइपच्या वर, पत्र्याच्या एका छोट्या फळीवर, दोन डबे तापत होते. एक मामीनं माझ्यासाठी दिलेला होता. 

"मोज," तो म्हणाला.

तीन बल्ब लावले. एकशे ब्याण्णव. मी सांगितलं तर म्हणाला, परत. परत एकशे ब्याण्णवच. त्यानं पाइपच्या मागच्या टोकाशी हात धरला. तिथून अजूनही एवढी गरम हवा येत होती की तळवा टिकत नव्हता.

"बघ. एवढं अजून जातंय," मामा म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. "चौथा लागला पाहिजे. बाकीचे न उतरता."

मी म्हटलं, चौथ्याला दोनशे चाळीस लागतील, मामा, या चकत्यांमधून एवढे निघणार नाहीत.

"निघणार नाहीत हे मोजून सांगतेस की घरून आणलंयस?"

मी बटण दाबलं. चौथा लागला आणि चौघंही किंचित पिवळे पडले. मामानं एक सणसणीत शिवी दिली, फळीला, चकत्यांना की मला ते कळलं नाही. मग त्यानं पाना उचलला.

"बंद कर," तो म्हणाला. "आणि फळी सरळ धर. एवढंसुद्धा शिकवलं नाही का तुला."